मधुमेह आणि हंपीची पायी भटकंती: पाय कसे सांभाळाल?

हंपीत विरूपाक्ष मंदिराकडून तुंगभद्रेच्या काठाने विठ्ठल मंदिराकडे जाणारी वाट सुमारे २ किलोमीटरची आहे. मधुमेह असला तरी ती चालता येते. जपायचे ते पायांना, विशेषतः चपला काढल्यावर.

धोका कशामुळे?
बरीच वर्षे साखर जास्त राहिली की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. विरूपाक्ष मंदिरात अनवाणी जावे लागते. दुपारच्या तापलेल्या दगडावर इतरांचा पाय चटकन उचलला जातो. तुम्हाला मात्र चटका कळतच नाही. फोड दिसतो तो रात्री. पायाचा रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम चिघळू शकते.

काय काळजी घ्याल?
- पायाला आधीच जखम असेल तर ही पायपीट पुढे ढकला.
- मंदिरात सकाळी लवकर जा. चालत असेल तर जाड सुती मोजे घाला.
- नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नका. घालण्यापूर्वी आत खडा नाही ना, हे हाताने पाहा.
- घाम, थरथर, एकदम भूक जाणवली तर साखर उतरलेली असू शकते. लगेच बसा आणि ३ चमचे साखर पाण्यातून घ्या.
- रोज रात्री तळवे आरशात तपासा.

पाय भाजला तर?
२० मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. फोड फोडू नका. हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. दुखत नाही म्हणून घरी परतेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.