पेरणीआधी एक दिवस अवजारांच्या खोलीसाठी

रोहिणी निघाल्या की शेतकऱ्याचा जीव शेतात अडकतो. नांगरट झालेली असते, पाळ्या झालेल्या असतात, बी-खताची जुळवाजुळव चालू असते. पण ज्या खोलीतून हे सगळे बाहेर काढायचे, त्या वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीकडे कोणी वळून बघत नाही. दार ढकलावे तर आत मोडका कुळव, कुजके बारदान, ठिबकच्या नळ्यांचा गुंता, फुटलेले युरियाचे पोते आणि त्यावरच औषधाच्या बाटल्या. "असू दे, कधीतरी कामाला येईल," असे म्हणत वर्षानुवर्षे साठलेला पसारा! मग वाफसा येतो आणि पाभरीचे चाडेच सापडत नाही.

गेलेला अर्धा दिवस भरून काढता येतो, गेलेला जीव येत नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. खाण्याची वस्तू आणि विष एकमेकांच्या जवळ आले की काय होते, हे यातून कळावे. आपल्याकडेही औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल, बियाणे, कधी पाणीसुद्धा भरले जाते.

म्हणून एक दिवस काढावा आणि खोली पूर्ण रिकामी करावी. पसाऱ्यात उंदीर असतात आणि उंदरामागे नाग, घोणस येतात. तेव्हा पायात बूट घालावेत, बारदान आधी काठीने हलवावे, मगच हात घालावा. बाहेर काढलेल्या सामानाचे तीन ढीग करावेत : लागणारे, दुरुस्तीचे आणि भंगाराचे. दोन हंगामांत हात न लागलेली वस्तू बहुधा तिसऱ्या ढिगातलीच असते.

आत ठेवताना पहिला विचार औषधांचा करावा. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही औषधे वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवण्याची तरतूद आहे. कपाट नसेल तर जुनी लोखंडी पेटी चालेल. पण तिला कुलूप हवे आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. औषध मूळ बाटलीतच ठेवावे, लेबल फाडू नये. लेबलवरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाची खूण आहे. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. विषबाधा झालीच तर बाटली किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्यावे, डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर रंगाने ठळक खूण करावी. टू-फोर-डी फवारलेला पंप नीट न धुता कपाशीवर वापरला, तर पाने आखडून पीक हातचे जाते. पंपाशेजारीच खिळ्याला हातमोजे, चष्मा आणि मास्क टांगावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, ते विसरून चालणार नाही.

खताची पोती जमिनीवर ठेवू नयेत. खाली फळ्या टाकाव्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. युरिया ओल धरतो आणि त्याचे दगड होतात. बियाणे खतापासून व औषधापासून लांब, कोरड्या जागी ठेवावे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, म्हणून त्याची पोती आपटू नयेत व उंच थप्पी लावू नये. खुरपी, विळे, फावडी, पहार भिंतीला टांगावीत. लोखंडाला तेलाचा हात फिरवावा. मोटारीचा स्टार्टर आणि वायरी ओलीपासून दूर, उंचावर असाव्यात.

राहिल्या रिकाम्या बाटल्या. औषध संपल्यावर बाटली तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतावे. मग तिला भोके पाडावीत, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही. ती विहिरीत, ओढ्यात टाकू नये आणि जाळूही नये. इथे एकट्या शेतकऱ्याचे काम भागत नाही. ग्रामपंचायतीने गावाबाहेर बाटल्या गोळा करण्याची एक बंदिस्त जागा ठरवावी, कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते सांगावे. ग्रामसभेत हा विषय एकदा मांडला तरी सुरुवात होईल.

मृगाला अजून अवकाश आहे, तोवर हे उरकून घ्यावे. एकदा पाऊस लागला की खोली आवरायला कोणाला सवड मिळणार?