साडेसहाची गल्ली

असरची नमाज झाली की जुन्या नाशकातल्या चौक मंडईची चाल बदलते. कढया पेटतात, खजुरांचे ढीग लागतात, दूध बाजाराकडून येणाऱ्याला सायकलसुद्धा हातात धरून चालावी लागते. या गर्दीचा एक जुना व्हिडिओ आमच्या घरात आहे. जून २०१६, पहिल्या आठवड्यातला रोजा. माझ्या मेहुण्याने साध्या फोनवर काढलेला, सव्वा मिनिटाचा.

यंदा त्याच्या मुलाला, माझ्या भाच्याला, कल्पना सुचली. त्याच ओट्यावर उभं राहायचं, तसाच व्हिडिओ काढायचा आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचे. डावीकडे तेव्हा, उजवीकडे आता. पोरगा काटेकोर. जुन्या व्हिडिओची वेळ पाहिली, संध्याकाळचे साडेसहा. हाही बरोबर साडेसहाला उभा राहिला.

डावीकडे पाऊल ठेवायला जागा नाही, उजवीकडे गल्ली रिकामी. एक मांजर आणि गल्ल्यावर बसलेले पकोडेवाले चाचा. खाली त्याने लिहिलं, ‘रौनक कुठे गेली?’ वर उदास संगीत. तरावीहपर्यंत तो मोहल्ल्यातल्या सगळ्या फोनवर फिरून आला होता.

दुसऱ्या दिवशी चाचांना तिघांनी विचारलं, धंदा बसला का? ज्याच्याकडून ते बेसन-तेल उधार घेत, तोही हिशेबाचं बोलायला आला. महिन्याभराची कमाई याच तीस दिवसांत, आणि पहिल्याच आठवड्यात ही बोलवा. भाचा माफी मागायला गेला तेव्हा चाचा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बेटा, साडेछे बजे कौन आएगा? सब दस्तरखान पे बैठे रहते. मेरा आधाच दिन दिखाया तूने.”

चूक तिथेच होती. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनच्या ७ तारखेला सुरू झाला होता. नाशकात तेव्हा सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. म्हणजे साडेसहा ही इफ्तारच्या पाऊण तास आधीची, ऐन खरेदीची वेळ. यंदाचा रमजान फेब्रुवारीतला, सूर्यास्त साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान. त्या साडेसहाला माणूस घरी खजूर हातात घेऊन अजानची वाट पाहतो. घड्याळ जुळवलं, दिवस जुळला नाही.

मग आम्ही दोघे बसलो. पोराला मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. माणूस आपल्या त्र्यंबकेश्वरचा. शेवटही नाशकातच झाला, १९४४ साली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं. कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही, रोज थोडं थोडं चित्रण. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, म्हणून रोपाची वाढ दिसली. दोन काळ शेजारी ठेवणाऱ्याचं कामही हेच. जे बदललं ते दाखवायचं असेल तर उरलेलं सगळं रोखून धरावं लागतं.

मूकपटांचीच आणखी एक गंमत. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवत. सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं पडत. तीच फीत पुढे चोवीसच्या वेगाने चालवली की माणसं दीडपट घाईत दुडदुडतात, आणि आपण म्हणतो, जुने लोक कसे चालायचे बघा! ते आपल्यासारखेच चालायचे.

भाच्याच्या व्हिडिओत असाच दुसरा घोळ निघाला, तो भिंगाचा. नव्या फोनचं भिंग रुंद. त्यात गल्ली ऐसपैस दिसते आणि तेवढीच माणसं विखुरल्यासारखी वाटतात. जुन्या चित्रात कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर जेवढं रुंद होतं, तेवढं होईपर्यंत त्याने झूम केलं. संगीत काढलं, गल्लीचा आवाज ठेवला. दोन्ही चौकटींत तारीख आणि ‘इफ्तारला ४५ मिनिटं’ असं लिहिलं. या वेळी पावणेसहा उलटल्यावर उभा राहिला. सूर्य दोन्हीकडे सारखाच कललेला, त्यामुळे उजेडही आपोआप जुळला. हे मला आधी सुचलं नव्हतं, कबूल करतो.

नवी जोडी पाहिली. गर्दी आहे, भरपूर आहे. पण तेव्हा माणसं होती, आता निम्मी जागा मोटारसायकलींनी खाल्लीय. डावीकडच्या दोन गाड्या उजवीकडे नाहीत. एकावर फालुदा मिळायचा, चांगला मिळायचा. बायका मात्र आता जास्त दिसतात, स्वतः भाव करताना. चाचा दोन्हीकडे आहेत. डावीकडे काळी दाढी, उजवीकडे पांढरी, झाऱ्या धरण्याची ढब तीच.

पहिला व्हिडिओ त्याने काढून टाकला. पण तो ज्यांच्या फोनवर गेला त्या सगळ्यांकडे दुसरा पोहोचलेला नाही. पहिला पाच-सहा गटांत फिरला होता, दुसरा दोनच गटांत. त्यामुळे तो आता रोज असरनंतर चाचांच्या गाडीजवळ उभा राहतो आणि गिऱ्हाइकांना फोन पुढे करून दाखवतो. चाचा म्हणतात, बाजूला हो, तेल उडेल.

पुढची जोडी २०३५ ची, असं त्याने ठरवलंय. तेव्हा रमजान नोव्हेंबरच्या सुमारास येईल, इफ्तार सहाच्या आसपास. फोनमध्ये आठवण लावून ठेवलीय, संध्याकाळी सव्वापाचची.