लहर कापायची की सरकवायची? क्लिपर आणि क्लॅम्पर

डायोड एसीचं डीसी करतो हे आपल्याला माहीत आहे. आज तोच डायोड लहरीला आकार कसा देतो ते बघू.

समजा, घरच्या विजेची वारंवारता आर्डुइनो उनोवर मोजायची आहे. 230 व्होल्टला थेट जोडायचं नाही, 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. पण 12 हे आरएमएस मूल्य. शिखर 12 × 1.414, म्हणजे सुमारे 17 व्होल्ट, तेही दोन्ही बाजूंना. उनोवरच्या चिपची पिन मात्र उणे 0.5 ते 5.5 व्होल्ट एवढंच सोसते. थेट जोडलं तर चिप गेलीच समजा.

इथे क्लिपर लागतो. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक ग्राउंडला, दुसरं 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिनला जोडा. आता दोन डायोड लावा. एकाचा अॅनोड पिनला, कॅथोड 5 व्होल्टला. दुसऱ्याचा अॅनोड ग्राउंडला, कॅथोड पिनला. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की संबंधित डायोड चालू होतो आणि लहरीचं डोकं छाटलं जातं.

पण कोणता डायोड? साधा सिलिकॉन डायोड सुमारे 0.7 व्होल्टला चालू होतो. म्हणजे पिनवर 5.7 व्होल्ट, मर्यादा ओलांडलीच! शॉट्की डायोड 0.3 च्या आसपास चालू होतो. पिनवर 5.3 व्होल्ट, खाली उणे 0.3. दोन्ही सुरक्षित.

रेझिस्टर विसरू नका. उरलेले जास्तीत जास्त साधारण 16.7 व्होल्ट तोच झेलतो, म्हणून प्रवाह 1.7 मिलिअँपिअरच्या आत राहतो. तो नसेल तर डायोड जळेल. आता पिनवर जवळपास चौकोनी लहर मिळते. एका सेकंदात ती किती वेळा वर चढली ते मोजा, 50 च्या आसपास आकडा येईल.

क्लॅम्पर मात्र काही कापत नाही. त्यात कपॅसिटर मालिकेत, डायोड आणि रेझिस्टर ग्राउंडला असतात. उणे 5 ते अधिक 5 व्होल्टची लहर, सिलिकॉन डायोड वापरल्यास, उणे 0.7 ते 9.3 वर सरकते. आकार तोच राहतो. अट एकच: कपॅसिटर आणि रेझिस्टरचा गुणाकार लहरीच्या कालावधीपेक्षा बराच मोठा हवा. 50 हर्ट्झला कालावधी 20 मिलिसेकंद. 10 मायक्रोफॅरड आणि 100 किलोओहम घेतले की गुणाकार 1 सेकंद, म्हणजे पन्नासपट.

थोडक्यात, जास्तीचं नको असेल तर क्लिपर, सगळं हवं पण जागा बदलून हवी असेल तर क्लॅम्पर.