गाळणीवरचा दाब

मूत्रपिंडातल्या काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्यांवर जादा दाब येतो. त्यांतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत झिरपू लागते आणि कालांतराने त्याही निबर होऊन बंद पडतात. हा दाब उतरवणे हेच गेल्या तीन दशकांतल्या उपचारांचे मुख्य सूत्र आहे.

पहिले यश रक्तदाबाच्या गोळ्यांना मिळाले: 1993 मध्ये कॅप्टोप्रिलला, 2001 मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनला. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे जवळजवळ कोरडीच गेली.

कोंडी फोडली ती एका जुन्या पदार्थाच्या वंशजांनी. सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन वेगळे काढण्यात आले. ते दिल्यास लघवीवाटे साखर जाते, हे योझेफ फॉन मेरिंग यांनी 1886 च्या सुमारास दाखवले. पण आतड्यात ते नीट शोषले जात नसल्याने औषध म्हणून चालले नाही. त्याच धर्तीवर घडवलेली ग्लिफ्लोझिन औषधे मधुमेहावर म्हणून आली. मूत्रपिंडातली त्यांची करामत निराळीच निघाली. नलिकेच्या सुरुवातीला सोडियम आणि साखर यांचे पुनर्शोषण ती रोखतात. जादा सोडियम पुढे पोचले की गाळणीकडे रक्त आणणारी धमनिका आवळली जाते आणि आतला दाब उतरतो. या औषधांच्या 2019 च्या 'क्रेडेन्स' चाचणीतले रुग्ण सगळे मधुमेही होते. 2020 च्या 'डापा-सीकेडी' चाचणीत मात्र 4304 रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश मधुमेह नसलेले होते, आणि फायदा त्यांनाही झाला. मूत्रपिंडाची मोठी घसरण, ते निकामी होणे, मूत्रपिंड वा हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला. 6609 रुग्णांच्या 'एम्पा-किडनी' चाचणीनेही तोच कौल दिला.

ग्लिफ्लोझिनची गोळी सुरू होताच रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) किंचित वाढते आणि घाबरून ती बंद केली जाते. ती बंद करण्याचा सल्ला देणाऱ्यांची परंपरा अजून संपलेली नाही. वास्तविक ती किरकोळ वाढ बहुधा दाब उतरल्याचीच खूण असते. कारण शोधावे लागते ते वाढ मोठी असेल तर.

फिनरेनोन (2020) आणि सेमाग्लुटाइड (2024) या औषधांनी मधुमेही रुग्णांसाठी आणखी भर घातली. मार्च 2024 मध्ये बोस्टनला जनुकांत 69 बदल केलेले डुकराचे मूत्रपिंड जिवंत माणसात बसवण्यात आले. रुग्ण सुमारे दोन महिने जगला. मथळे मात्र औषधांना नव्हे, या प्रत्यारोपणालाच मिळाले.

भारतात ग्लिफ्लोझिनांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट ऑक्टोबर 2020 मध्ये संपले आणि ती गोळी स्वस्त झाली. अडते ते निदानापाशी. क्रिएटिनिन चढेपर्यंत मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असू शकते. लघवीतले अल्ब्युमिन बरेच आधी बोलते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात.