पट्टा ओरडतो तेव्हा

आता खेडोपाडी मोटारी झाल्या. कुणाची जीप आहे, कुणाचा टेम्पो आहे. ट्रॅक्टर तर वाडीवस्तीवर पोचला. पहाटे भाजीचा टेम्पो सुरू झाला की कधी कधी इंजिनातून किंकाळी निघते. कुईंऽऽ! निजलेली पोरं दचकून उठतात. मग दोन मिनिटांत आवाज थांबतो. गाडीवाला म्हणतो, "थंडीनं ओरडते. तापली की गप बसेल." आणि निघून जातो.

पण ओरडतो तो पट्टा. त्याला फॅन बेल्ट म्हणतात. त्याचं काम काय, ते आधी पाहू.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक लोखंडी चाक असते. त्याला पुली म्हणतात. इंजिन चालू झाले की ही पुली फिरते. तिच्यावर रबराचा पट्टा चढवलेला असतो. तो पट्टा आणखी दोन चाके फिरवतो. एक चाक पाण्याच्या पंपाचे. हा पंप इंजिनात पाणी खेळवतो, म्हणून इंजिन तापत नाही. ट्रॅक्टरमध्ये आणि जुन्या जीपमध्ये बहुधा पंखाही याच चाकावर असतो. दुसरे चाक अल्टरनेटरचे. अल्टरनेटर म्हणजे गाडीतली वीज तयार करणारे यंत्र. जुने ड्रायव्हर त्याला डायनामो म्हणतात. त्याच्यावर दिवे चालतात, बॅटरी भरते.

म्हणजे पाणी, वारा आणि वीज, तिन्ही एका पट्ट्यावर आहेत. पट्टा तुटला तर गाडी लगेच थांबत नाही. ती तशीच पळत राहते, आणि तिथंच घात होतो. आत पाणी फिरत नाही. इंजिन तापते. कधी कधी इंजिनाचे हेड वाकते. मग पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा दुरुस्तीला जातो. हंगामात गाडी घरी बसली तर धंदा बुडतो तो वेगळाच.

आता पट्टा ओरडतो का? बैलगाडीचे चाक कुरकुरले तर आपण काय करतो? आसाला वंगण घालतो. कारण तिथे लोखंडावर लोखंड घासते, आणि ते सहज घसरावे अशी आपली इच्छा असते. पट्ट्याचे उलटे आहे. पट्ट्याने चाकाला धरून ठेवायचे असते. तो घसरू लागला की ओरडतो. मग त्याला तेल घालून कसे चालेल? तो जास्तच घसरेल. शिवाय तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि वाया जाते. कुणी साबण घासतो, कुणी मेण लावतो. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला राळ लावीत, म्हणून कुणी राळही लावतो. आम्हांला विचाराल तर हे सगळे आजार झाकायचे उपाय. आवाज दोन दिवस दबतो, पट्टा घसरायचा थांबत नाही.

पट्टा चाकाला धरतो कसा, तेही गमतीचे आहे. हा पट्टा वर रुंद आणि खाली अरुंद असतो. पुलीची खाचही तशीच. लाकूड फोडताना पाचर फटीत घट्ट बसते ना? तसाच पट्टा खाचेत बसतो. तो दोन्ही कुशींनी धरतो, तळाने नाही. झिजून झिजून पट्टा खाचेच्या तळाला टेकला की त्याची पकड गेली. मग कितीही ताणा, तो घसरणारच. कुशी काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तेही झिजल्याचे लक्षण.

पहाटेच का ओरडतो? स्टार्टर मारताना बॅटरीतली वीज खर्च होते. ती भरून काढायला अल्टरनेटरला नेट लावावा लागतो. तेव्हा त्याचे चाक जड फिरते. त्यात अंधार म्हणून दिवेही लावलेले असतात. पट्टा ढिला असला तर नेमका तेव्हाच घसरतो. बॅटरी थोडी भरली की चाक हलके होते आणि आवाज जातो. आवाज गेला, पण पट्टा ढिलाच राहिला.

डबक्यातून गाडी गेल्यावर पट्टा थोडा ओरडला आणि वाळल्यावर गप्प झाला, तर फार काळजी नको. मात्र पट्टा तपासून घ्यावा. चिमणीसारखा सारखा चिक्-चिक् आवाज येत असेल तर पुल्या एका ओळीत नसतील. सुतार फळी पाहतो तसे एक डोळा मिटून बाजूने पाहा. एखादी पुली पुढेमागे दिसेल. आणि कुईं नसून घरघर असेल, तर पट्ट्याचा दोष नाही. आतले बेअरिंग गेले असेल.

तपासताना इंजिन बंद करा. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. हे आम्ही दोनदा सांगू, कारण फिरता पट्टा बोट तोडतो. उपरणे, पदर, सैल बाही जवळ नको. नव्या गाड्यांत विजेचा पंखा असतो. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू लागतो, तेव्हा तिथे हात घालू नका. इंजिन निवू द्या.

मग पट्टा थोडा पिळून त्याची आतली बाजू पाहा. भेगा पडल्या, दोरे सुटले, तेलाने चिकट झाला, तर नवा घ्या. तेल लागले असेल तर ते कुठून गळते ते आधी शोधा. नाहीतर नव्या पट्ट्याचीही तीच गत होईल.

पट्टा चांगला दिसला तर दोन पुल्यांमधल्या लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते, ते खरे धरा. जास्त दबला तर पट्टा ढिला आहे.

ताणायची रीत अशी. अल्टरनेटर एका बोल्टवर झुलता बसवलेला असतो. दुसऱ्या टोकाला लांबट भोकाची पट्टी असते. दोन्ही बोल्ट पान्ह्याने जरा सैल करा. दांडक्याने अल्टरनेटर हळूच इंजिनापासून दूर सरकवा. दांडके त्याच्या भक्कम भागाला लावा. मधल्या पातळ भागाला लावले तर तो फुटेल. पट्टा ताणला की बोल्ट आवळा आणि पुन्हा अंगठ्याने दाबून पाहा.

इथे पुष्कळ लोक चुकतात. आवाज नको म्हणून पट्टा तारेसारखा ताणतात. मग सगळा ओढा पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर पडतो. ती लवकर झिजतात. पट्टा वाचवायला जाऊन पंप गेला, असा तो व्यवहार.

ताणूनही ओरडतो? मग पट्टा उतरवा आणि एकेक चाक हाताने फिरवा. सहज फिरले तर बरे. खडखडले, अडले, हलले, तर दोष तिथे आहे. मिस्त्रीकडे जा आणि नेमके तेच सांगा. न पाहता नवा पट्टा विकणारे मिस्त्रीही असतात.

नव्या मोटारींत रुंद, चपटा, बारीक रेघांचा पट्टा असतो. पुष्कळ गाड्यांत त्याला ताण देणारे स्प्रिंगचे चाक असते. तिथे हाताने ताणायचे काही नाही. त्या पट्ट्याच्या नव्या रबराला भेगा लवकर पडत नाहीत, रेघा मात्र झिजतात. म्हणून भेगा नाहीत एवढ्यावर भुलू नये. काही इंजिनांत झाकणाआड दातेरी पट्टाही असतो. त्याला आपण हात लावायचा नाही. ते मिस्त्रीचे काम.

वाटेत बॅटरीचा तांबडा दिवा लागला आणि पाण्याचा काटा चढू लागला, तर पट्टा तुटला असे समजा. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

नवा पट्टा घेताना जुना बरोबर न्या. पट्ट्यावर नंबर छापलेला असतो, तो वाचून जुळवा. आता तुम्हांला वाचता येते, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायला नको. बसवल्यावर थोडे दिवस गाडी चालली की नवा पट्टा जरा ढिला पडतो. तेव्हा पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहा. जुना पट्टा अगदीच गेला नसेल तर फेकू नका. सीटखाली ठेवा. अडीअडचणीला घरापर्यंत पोचवतो.