एक दिवस दरेकसाला

इटली देशाच्या पूर्व किनाऱ्यावर रिमिनी नावाचे शहर आहे. १८४३ साली तेथे समुद्रस्नानासाठी पहिले स्नानगृह उघडले. खाऱ्या पाण्यात उतरावे, अंग चोळून घ्यावे, दुपारी निवांत झोपावे, असा तिथला दिनक्रम. सुरुवातीला हे सुख फक्त पैसेवाल्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कारखान्यातला कामगारही बायकामुलांना घेऊन त्याच वाळूवर येऊ लागला. त्याच्या पाठीशी कायदा होता. १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या इटलीच्या राज्यघटनेचे ३६ वे कलम सांगते की, आठवड्याची विश्रांती आणि वर्षाची पगारी रजा हा कामगाराचा हक्क आहे, आणि तो त्याला स्वतःहून सोडूनही देता येत नाही.

आपल्या घरात सहलीचा विषय निघाला की, "ही श्रीमंतांची थेरं" असे म्हणून तो मिटवला जातो. पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४५ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी-तलावांबरोबर स्नानाचे घाट आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागाही नाव घेऊन सर्वांना खुल्या केल्या आहेत. ज्यांच्या आजोबांना तळ्याच्या काठाशी उभे राहू दिले नाही, त्यांच्या नातवंडांनी पाण्यात पाय सोडून बसणे ही चैन कशी?

रिमिनी आपल्या खिशाबाहेरचे आहे. गोंदिया, भंडारा, नागपूरकडच्या माणसाला दरेकसा मात्र परवडते. हावडा-मुंबई मार्गावर गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना आमगाव आणि सालेकसा गेले की धानाच्या बांध्या मागे पडतात आणि दोन्ही अंगांनी डोंगर व जंगल जवळ येते. दरेकसा स्टेशनवर उतरले की जवळच हाजरा फॉल. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस तो जोरात असतो. उन्हाळ्यात जाल तर खडकच पाहायला मिळतील. गाडीच्या खिडकीतून त्याचे ओझरते दर्शन अनेकांनी घेतले असेल, पण तेथे उतरून तास-दोन तास बसण्यातले सुख वेगळे.

याच परिसरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड बांधवांचे ते श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला लांबलांबच्या राज्यांतून लोक येतात. तेथे जायचे तर पाहुण्यासारखे जावे. टेपरेकॉर्डर, मोबाइलची गाणी खालीच बंद करावीत.

आता थोडे घरातल्या बाईविषयी. राइस मिलमध्ये किंवा कारखान्यात कायम असलेल्या पुरुषाला निदान कागदावर तरी रजा असते. घरी बसून हजारावर मजुरीने विड्या वळणाऱ्या बाईचा सुट्टीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. तेंदूपानाच्या हंगामात तर पहाटेच जंगलात जावे लागते. त्यातून सहल निघाली तर चार वाजता उठून पोळ्या लाटणारीही तीच, आणि झऱ्याकाठी भांडी घासणारीही तीच. मग सुट्टी कुणाची झाली? चुलीच्या सरंजामासकट निघणाऱ्या सहली आम्हाला बिलकूल पसंत नाहीत. आदल्या संध्याकाळी सर्वांनी मिळून मुरमुऱ्याचा चिवडा करावा, पोळ्या आणि सुकी चटणी बांधून घ्यावी. पोळ्या लाटायला मुलगा बसला तर त्याचे हात झिजत नाहीत. ताट धुण्याचे काम पुरुषांनी वाटून घ्यावे, आणि तिला झाडाखाली तासभर झोपू द्यावे. रिमिनीला लोक पैसे मोजून घेतात ती हीच तासभराची झोप.

धबधब्याच्या ऐन धारेखाली मात्र जाऊ नये. शेवाळाने खडक निसरडे होतात आणि डोंगरात वर पाऊस झाला तर खाली पाणी एकाएकी चढते. कडेच्या उथळ पाण्यात लहानांना न्यावे, तेही हात धरून. दारू पिऊन आलेल्या टोळक्यापासून बायकामुलांनी दूर बसावे. आपल्यातलेच कोणी बाटली आणीत असेल, तर त्याला सोबत नेऊच नये.

दरेकसाला प्रत्येक गाडी थांबत नाही. निघण्यापूर्वी गोंदिया स्टेशनवर परतीच्या पॅसेंजरची वेळ विचारून कागदावर लिहून घ्यावी, आणि अंधार पडण्याआधी स्टेशन गाठावे.