पेशींनी सोडलेल्या पुटिका

प्लेटलेट काढून टाकलेल्या रक्तद्रवाच्या अंगी गोठण्याचे सामर्थ्य कोठून येते, याचा शोध घेताना पीटर वुल्फ यांना १९६७ साली जे अतिसूक्ष्म कण आढळले, त्यांस त्यांनी प्लेटलेटची धूळ असे संबोधिले. पुढे १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉन्स्टन यांनी मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी नको झालेले प्रथिन पुटिकांत, म्हणजे पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांत, भरून बाहेर टाकतात, हे दाखविले. परंतु उंदराच्या पेशींतील आरएनए पुटिकांवाटे मानवी पेशींत पोचून तेथे उंदराची प्रथिने घडवितो, हा २००७ सालचा स्वीडनमधील दाखला खरा विस्मयकारक होय.

या पुटिकांचे वैविध्य मोजणे मात्र अतिशय कठीण: पेशीच्या आतल्या कप्प्यांत घडणारे एक्सोसोम सुमारे ३० ते १५० नॅनोमीटरचे, पेशीपटलावरून थेट सुटणाऱ्या पुटिका सामान्यतः १०० ते १००० नॅनोमीटरच्या, म्हणजे दोहोंच्या हद्दी परस्परांत शिरलेल्या, आणि त्यांत रक्तातील तत्सम आकाराच्या लिपोप्रोटीन कणांची भेसळ; यास्तव एकेका पुटिकेवरील प्रथिने चमकत्या प्रतिपिंडांच्या साह्याने स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत आता अवलंबिली जाते, कारण लाखोंची सरासरी काढली की रोगट पेशीने सोडलेल्या थोडक्या पुटिकांचा मागमूसही उरत नाही.